तनखा, तगादा आणि रामकृष्णपुरमचा कारकून

दिल्लीच्या नैर्ऋत्येस, रिंग रोड आणि औटर रिंग रोड यांच्या दरम्यान, मुनीरका, मोहम्मदपूर आणि हुमायूंपूर या जुन्या खेड्यांच्या शेजारी, केंद्र सरकारने १९५०-६० च्या दशकाच्या अखेरीपासून आपल्या नोकरवर्गासाठी जी विस्तीर्ण वसाहत उभारली, तिला रामकृष्ण परमहंसांचे नाव देण्यात आले आणि पुढे सरकारी लिफाफ्यांवर व बसच्या पाट्यांवर ते आर. के. पुरम असे आटोपशीर झाले. सेक्टर ३ मधील बिजरी खानाची कबर, सेक्टर ५ मधील वजीरपूरचे लोदीकालीन घुमट आणि बावडी, सेक्टर ७ च्या टेकडीवर १९७३ साली प्रतिष्ठापना झालेले तमिळ भाविकांचे मलाई मंदिर, यांच्या आधाराने या स्थळाचा इतिहास लिहिता येईल आणि तो रम्यही होईल. परंतु ज्या माणसांसाठी ही घरे बांधली गेली, त्या देशाच्या चहूकडून आलेल्या कनिष्ठ लेखनिकांचा, शिपायांचा आणि टंकलेखकांचा खरा इतिहास दगडांत नसून पगारपत्रकात आहे. त्या पत्रकाच्या एका रकान्यात तनख्याचा आकडा असे आणि पुढच्या रकान्यांत कपाती असत. या कपातींची कथा बारकाईने वाचली, तर नोकरीला नुकताच लागलेला माणूस कर्जात कसा शिरतो आणि त्यातून बाहेर कसा पडतो, याचा आपल्या देशातील एक फार बोधप्रद वृत्तांत हाती लागतो, असे मला वाटते.

दिल्लीत आलेल्या मराठी माणसाला पगार आणि कर्ज यांचे नाते नवे नव्हते. १७६० साली सदाशिवरावभाऊंनी लाल किल्ल्यातील दिवाण-ए-खासचे रुप्याचे छत उतरवून त्याचे नाणे पाडले, ते फौजेचा तुंबलेला खर्च भागवावा म्हणून. शिलेदार घोड्यासाठी कर्ज काढी, सरदार शिलेदारासाठी काढी आणि खुद्द पेशवे सरदारांसाठी काढीत, अशी सावकारीची ती उतरंड होती. स्वातंत्र्यानंतर दिल्लीत आलेला कारकून या उतरंडीच्या अगदी तळाशी उभा होता. मात्र त्याच्या हाती शिलेदाराजवळ कधीच नसलेली एक गोष्ट होती, ती म्हणजे महिन्याच्या अखेरच्या कामाच्या दिवशी, आणि मार्चचा तेवढा एप्रिलच्या पहिल्या कामाच्या दिवशी, ठरल्याप्रमाणे मिळणारा पगार.

हा पगार केवढा होता? १९४७ च्या पहिल्या वेतन आयोगाने सर्वांत खालच्या नोकराला महागाई भत्त्यासह दरमहा ५५ रुपये ठरवून दिले. न्यायमूर्ती जगन्नाथ दास यांच्या अध्यक्षतेखालील दुसऱ्या आयोगाने १९५९ साली तो आकडा ८० वर नेला. कनिष्ठ लेखनिकाची श्रेणी ११० रुपयांपासून सुरू होऊन १८० वर थांबे. या शिफारशींनी असंतुष्ट झालेल्या कर्मचाऱ्यांनी जुलै १९६० मध्ये देशभर संप केला, सरकारने वटहुकूम काढून तो पाच दिवसांत मोडला, आणि सप्टेंबर १९६८ मध्ये पुन्हा एका दिवसाचा लाक्षणिक संप झाला. रामकृष्णपुरमच्या ब्लॉकांत राहणाऱ्या माणसाला घर स्वस्तात मिळे, कारण भाडे म्हणून पगाराचा साधारण दहावा हिस्साच कापला जाई. परंतु गावी आईवडील, धाकट्या भावाचे शिक्षण, बहिणीचे लग्न, सुट्टीत सहकुटुंब गावी जाण्याचे आगगाडीचे भाडे, या सर्वांचा मेळ ११० रुपयांत घालणे ही केवळ काटकसरीची बाब नव्हती. अंथरूण पाहून पाय पसरावे हा उपदेश अशा माणसाला करणारे लोक पुष्कळ भेटतात. त्याचे अंथरूणच किती आखूड विणले गेले आहे, हे पाहण्याची तसदी मात्र त्यांच्यापैकी थोडेच घेतात.

येथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. सावकार गरिबाला कर्ज देतो, असे आपण सरसकट म्हणतो; पण नागर सावकार नुसत्या गरिबाला कर्ज देत नाही, तो नियमित पगार असलेल्या गरिबाला देतो. पगाराची शाश्वती हेच त्याचे तारण. १९२९ साली नेमलेल्या आणि १९३१ साली अहवाल सादर केलेल्या कामगारविषयक व्हिटली आयोगाने, ज्याचे आपले नारायण मल्हार जोशी हे एक सभासद होते, हा प्रकार स्वच्छ उघड केला. बहुतेक औद्योगिक केंद्रांत निदान दोन-तृतीयांश कामगार कर्जबाजारी असावेत, त्यांच्यापैकी बहुसंख्यांचे कर्ज तीन महिन्यांच्या वेतनाहून अधिक असते, आणि रुपयामागे महिना एक आणा, म्हणजे वर्षाला शेकडा ७५, हा व्याजाचा दर सर्रास चालतो, असे आयोगाला आढळले. पगाराची जप्ती आणता येते म्हणून सावकार कर्ज देण्यास सरसावतो आणि मालकाच्या कचेरीलाच वसुलीचे ठाणे बनवतो. तेव्हा जप्तीची वाट बंद केल्याने ऋणकोचे संरक्षण तर होईलच, शिवाय अविचारी कर्जाचा झराच आटेल, असा आयोगाचा युक्तिवाद होता आणि तो आजही तितकाच खरा आहे.

या शिफारशीचे पूर्ण नव्हे तरी बरेच फळ १९३७ साली मिळाले. दिवाणी व्यवहार संहितेच्या कलम ६० मध्ये दुरुस्ती होऊन पगारदाराच्या तनख्यातील पहिले शंभर रुपये आणि उरलेल्या रकमेचा अर्धा भाग यांना कोर्टाचा हात लागेनासा झाला; आणि चोवीस महिने जप्ती चालल्यावर पुढचे बारा महिने जप्ती नाही, अशी विसाव्याची मुदतही मिळाली. ११० रुपये मूळ पगाराच्या कारकुनाकडून या हिशेबाने कोर्टामार्फत महिन्याला जेमतेम पाच रुपये वसूल होऊ शकत. त्याच्या भविष्यनिर्वाह निधीला तर १९२५ च्या कायद्यानेच कवच दिलेले होते. मग सावकाराचे बळ उरले कशात? ते उरले तगाद्यात. पगाराच्या दिवशी कचेरीच्या दारात उभे राहणे, शेजाऱ्यांच्या देखत नाव घेऊन हाका मारणे, बायकोला टोचून बोलणे, ही त्याची नवी हत्यारे झाली. नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात १९३७ साली ऋणकोचा असा छळ हा गुन्हा ठरविणारा कायदा झाला, ही गोष्ट वैदर्भीय वाचकांना अभिमानास्पद वाटावी. सरकारी नोकराला तर आणखी एक भय होते. १९६४ च्या वर्तणूक नियमांतील सतराव्या नियमाप्रमाणे नेहमीचा कर्जबाजारीपणा टाळणे हे त्याचे कर्तव्य ठरले आणि वसुलीचा दावा लागल्यास तो सरकारला कळविणे बंधनकारक झाले. ज्या माणसाला कोर्टाने वाचविले असते, तोच कोर्टापर्यंत प्रकरण जाऊ नये म्हणून चूपचाप चढे व्याज भरीत राहिला, असे मानण्यास जागा आहे.

आता या कथेचा दुसरा, अधिक आशादायक प्रवाह. १८८९ साली बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी अन्योन्य सहकारी मंडळी स्थापन केली. शेतकऱ्यांसाठी नव्हे, तर शहरातील मध्यमवर्गीय, बव्हंशी मराठी, नोकरपेशा माणसांनी आपापली अल्प बचत एकत्र करून एकमेकांस वाजवी व्याजाने कर्ज द्यावे यासाठी. सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा त्यानंतर पंधरा वर्षांनी, १९०४ साली झाला, हे लक्षात घेतले म्हणजे या मंडळींच्या दूरदृष्टीचे मोल कळते. पुढे भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर यांनी मुंबईच्या गिरणीकामगारांत आणि म्युनिसिपालिटीच्या सफाई कामगारांत कर्जमुक्तीसाठी अशाच संस्था उभारण्याचे कष्टाचे काम अंगावर घेतले. या सर्व अनुभवाचे सार मुंबई इलाख्याच्या १९२५ च्या सहकारी संस्था कायद्यात उतरले, आणि तोच कायदा पुढे दिल्लीला लागू करण्यात आला. १९७२ साली दिल्लीने स्वतःचा सहकार कायदा करीपर्यंत राजधानीतील कर्मचारी पतसंस्था या मुंबईच्या कायद्याखाली नोंदविल्या जात. मुंबईच्या विधिमंडळात घडलेल्या कलमांनी रामकृष्णपुरमच्या कारकुनाच्या कर्जाचा दर उतरविला, ही गोष्ट दिल्लीकर मराठी मंडळींनाही फारशी ठाऊक नाही.

हा दर उतरणे म्हणजे नेमके काय, ते एका उदाहरणाने पाहू, कारण कर्जाच्या विषयात वक्तृत्वापेक्षा त्रैराशिक अधिक उपयोगी पडते. समजा, ११० रुपयांवर लागलेल्या तरुणाने बहिणीच्या लग्नासाठी रुपयामागे महिना एक आणा व्याजाने ३०० रुपये घेतले. पहिल्या महिन्याचे व्याज १८ रुपये ७५ पैसे. त्याने पोटाला चिमटा घेऊन दरमहा २० रुपये भरले, तर मुद्दलातून पहिल्या महिन्यात फक्त सव्वा रुपया कमी होतो. आणि एकही हप्ता न चुकविता ऋणमुक्त होण्यास त्याला ४६ महिने लागतात व त्याच्या हातून ९०० रुपयांहून अधिक रक्कम जाते. आता त्याच तरुणाने कचेरीतल्या पतसंस्थेकडून, समजा वर्षाला शेकडा ९ दराने, ३०० रुपये घेऊन सावकाराचा रोखा एकरकमी फेडला आणि तेच २० रुपये पगारातून परस्पर कापून दिले, तर १६ महिन्यांत कर्ज संपते आणि एकूण सुमारे ३२० रुपये जातात. पगार तोच, हप्ता तोच, माणूस तोच आणि त्याचा संयमही तोच. फरक फक्त धनको बदलल्याचा. कर्जबाजारी तरुणाला चैनी आणि उधळ्या म्हणून हिणविणाऱ्यांनी हा हिशेब एकदा स्वतःच्या हाताने कागदावर मांडून पाहावा.

पतसंस्थेची दुसरी खुबी म्हणजे वसुलीची रीत. हप्ता पगारातूनच कापला जाई, त्यामुळे तो ‘या महिन्यात राहू दे’ या मोहातून सुटे. प्रत्येक सभासदाला दरमहा थोडी सक्तीची वर्गणीही द्यावी लागे, आणि कर्ज फिटेपर्यंत ती वर्गणी साठून एक लहानशी पुंजी झालेली असे. पहिले कर्ज फिटले की पुढच्या अडचणीला पुन्हा सावकाराच्या ओट्यावर न जाता त्या पुंजीचा आधार मिळे. मात्र या व्यवस्थेला एक काळी बाजू होती आणि ती लपवू नये. कर्जाला दोन सहकाऱ्यांचा जामीन लागे. टेबलाला टेबल लावून बसणारा मित्र अर्ज पुढे करी, त्यावर सही न करणे भिडेपोटी अशक्य होई, आणि त्या मित्राने हप्ते थकविले की कपात जामीनदाराच्या पगारातून सुरू होई. स्वतःचे कर्ज फिटले नसताना दुसऱ्यास जामीन राहू नये, हा नियम वडीलधारे कारकून नव्या मुलांना पहिल्याच महिन्यात सांगत, तो याचसाठी.

सरकारनेही काही वाटा मोकळ्या ठेवल्या होत्या. १९६० च्या सर्वसाधारण भविष्यनिर्वाह निधीच्या नियमांप्रमाणे आजारपण, शिक्षण, लग्न, उत्तरकार्य अशा कारणांसाठी स्वतःच्याच साठलेल्या रकमेतून अग्रिम घेता येई आणि तो साधारणतः बारा ते चोवीस हप्त्यांत परत करावा लागे. ही यादी नीट पाहिली तर सावकाराचा दरवाजा ठोठावायला लावणारे सगळे प्रसंग तिच्यात आलेले दिसतात. अराजपत्रित नोकराला सणासाठी बिनव्याजी आगाऊ रक्कम मिळे, ती दहा हप्त्यांत कापली जाई. ऋण काढून सण करणाऱ्याला निदान ते ऋण निर्व्याज मिळावे, एवढा कनवाळूपणा त्या नियमात होता. सातव्या वेतन आयोगानंतर हे बिनव्याजी अग्रिम बंद झाले आणि २०२० च्या ऑक्टोबरात केवळ एकदा, दहा हजार रुपयांपुरते, पुन्हा दिले गेले. माझ्या मते ते बंद करणे ही चूक होती. चीनच्या आक्रमणानंतर १९६३ मध्ये निघालेले केंद्रीय भांडार आणि रुपयाच्या अवमूल्यनानंतर १९६६ च्या जुलैत कॅनॉट प्लेसला उघडलेला सुपर बाजार यांनी वाण्याच्या वहीवरील उधारीला पर्याय दिला, हेही या इतिहासाचेच अंग होय. कारण महिनाअखेरीस सावकाराकडे जाण्यास लावणारी रक्कम पुष्कळदा त्या वहीतूनच फुगलेली असे.

पुरुषांच्या पतसंस्थेला समांतर अशी एक संस्था घराघरांत स्त्रियांनी चालविली. आपल्याकडे जिला भिशी म्हणतात, तिला दिल्लीत कमेटी म्हणतात. एका जिन्यावरच्या किंवा एका ब्लॉकमधल्या दहा-बारा गृहिणी दरमहा ठरावीक रक्कम काढीत आणि ज्या बाईच्या नावाची चिठ्ठी निघे तिला सगळी रक्कम एकदम मिळे. चिठ्ठी टाकून चालणारी कमेटी ही व्याजाविना कर्ज आणि सक्तीची बचत, दोन्ही एकाच वेळी होती. जिच्या घरी आजारपण असे तिला बाकीच्या जणी आपला क्रम देऊन टाकीत. बोलीची कमेटी ही निराळी गोष्ट. तिच्यात गरजू माणूस पुढचे पैसे आज मिळावेत म्हणून मोठी सूट सोडतो आणि ती सूट म्हणजे दुसऱ्या वेषातले सावकारी व्याजच असते. शिवाय कमेटी चालविणारा पैसे घेऊन पसार झाला की दाद मागायला कागद नसतो. ओळखीच्या जिन्याबाहेरील कमेटीत पैसे घालू नयेत, हे तारतम्य त्या गृहिणींना कायदा होण्यापूर्वीच उमगलेले होते. चिट फंडांचा केंद्रीय कायदा १९८२ चा.

या वसाहतीच्या अर्थकारणाला सर्वांत मोठा धक्का बसला तो १९७४ च्या जुलैत. महागाई रोखण्यासाठी सरकारने वेतनातील सर्व वाढ आणि वाढीव महागाई भत्त्याचा अर्धा भाग सक्तीने ठेवीत टाकला. ठेव सुरक्षित होती, तिला व्याजही होते. परंतु ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे त्याच्या दृष्टीने कमी व्याजाने पैसे अडकून पडणे आणि त्याच वेळी जास्त व्याज भरत राहणे हा उघड तोटा होता. यातून निघणारा नियम आजच्या तरुणालाही लागू आहे: घरात आजारपणापुरती, एक-दोन महिन्यांच्या खर्चाची रक्कम बाजूला ठेवावी, आणि त्यापलीकडे, महागडे कर्ज असेतोवर, बचतीच्या आकर्षक योजनांमागे न लागता प्रत्येक जादा रुपया त्या कर्जात भरावा.

आज रामकृष्णपुरमच्या भोवतीचे तरुण मनुष्यबळ बदलले आहे. मुनीरक्याच्या चिंचोळ्या गल्ल्यांत भाड्याच्या खोलीत राहणारा मुलगा भिकाजी कामा प्लेसमधील एखाद्या खासगी कंपनीत कंत्राटावर असतो, किंवा दुचाकीवरून घरोघर खाद्यपदार्थ पोहोचवितो. त्याच्या कचेरीला बहुधा पतसंस्था नसते, त्याला सणाचा अग्रिम नसतो, आणि त्याचा सावकार त्याच्या खिशातल्या मोबाइलमध्ये असतो. क्रेडिट कार्डाचा महिन्याला साडेतीन टक्के दर हा व्हिटली आयोगाला आढळलेल्या आण्याच्या दराच्या निम्म्याहून अधिक भरतो. कार्डावर ६०,००० रुपये थकले असता पहिल्या महिन्याचे व्याजच २,१०० रुपये होते. बँक मागते ती किमान रक्कम, म्हणजे साधारण पाच टक्क्यांप्रमाणे ३,००० रुपये, भरली तर करापूर्वी अवघे ९०० रुपये मुद्दलातून कमी होतात. सव्वा रुपयाचा तोच जुना हिशेब येथे नव्या आकड्यांत उभा आहे, आणि त्यावरचा उपायही तोच आहे.

म्हणून अशा तरुणाने काय करावे, ते या इतिहासाच्या आधाराने स्पष्ट सांगता येते. प्रथम सगळ्या देण्यांची एक यादी, प्रत्येकाच्या दरासह आणि हप्त्यासह, एका कागदावर लिहावी. मित्राकडून घेतलेले उसने पैसेही त्यात यावेत. नवे कर्ज त्या दिवसापासून थांबवावे आणि कार्ड घरी ठेवून द्यावे. मग सर्वांत महाग देणे स्वस्त देण्याने बदलता येते का, हे पाहावे: कचेरीची किंवा वस्तीतली नोंदणीकृत पतसंस्था, बँकेचे साधे वैयक्तिक कर्ज, घरातल्या सोन्यावरील बँकेचे कर्ज, किंवा वडीलधाऱ्यांकडून लिखापढी करून घेतलेली रक्कम. बदली झाल्यावर उरलेल्या देण्यांपैकी सर्वांत चढ्या व्याजाचे आधी फेडावे. लहान देणे आधी फेडून मनाला उभारी द्यावी असे म्हणणारे आहेत आणि मन खचलेले असेल तर ते एखादे वेळी करण्यास हरकत नाही, पण पैशाच्या दृष्टीने महागडे आधी हेच शहाणपणाचे. हप्ता पगाराच्याच दिवशी खात्यातून आपोआप जाईल अशी तजवीज करावी. आणि हप्ता झेपेनासा झाला तर फोन बंद न करता बँकेकडे मुदत वाढवून हप्ता कमी करण्याची लेखी दरखास्त द्यावी.

तगाद्याला भिऊ नये, हे मी मुद्दाम वेगळे सांगतो, कारण या भयापायी कोवळ्या मुलांनी जीव गमावल्याच्या बातम्या वाचून मन विदीर्ण होते. थकलेले देणे हा दिवाणी विषय आहे. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली ठरवून दिल्याप्रमाणे थकबाकीसाठी सकाळी ८ पूर्वी आणि सायंकाळी ७ नंतर फोन करता येत नाही, नातेवाइकांना वा मित्रांना धमकावता येत नाही, आणि मोबाइलवरून दिलेल्या कर्जाची रक्कम थेट ऋणकोच्याच खात्यात जमा व्हावी लागते. त्याविरुद्ध वागणाऱ्याची तक्रार प्रथम त्या संस्थेकडे आणि तीस दिवसांत दाद न लागल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क करता येते. कोर्टाचा हुकूमनामा झालाच, तरी पगारातील पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचा दोन-तृतीयांश भाग आजही जप्त होत नाही, आणि भविष्यनिर्वाह निधीला हात लागत नाही. खासगी सावकाराकडे परवाना आहे का, हे विचारण्याचा अधिकार दिल्लीत आहे. १९३८ चा पंजाबचा सावकार नोंदणी कायदा येथे लागू झालेला असून परवान्याशिवाय सावकाराचा दावा टिकत नाही.

दिल्लीत महाराष्ट्र मंडळे आहेत, पहाडगंजला मराठी शाळा आहे, गणेशोत्सवाला वर्गण्या जमतात आणि नाटकांचे प्रयोगही होतात. बडोद्याच्या मराठी नोकरदारांनी १८८९ साली जे केले, ते या मंडळांना आज करता येण्यासारखे आहे: नव्याने नोकरीस आलेल्या मुलामुलींसाठी एक नोंदणीकृत, लहान, काटेकोर हिशेबाची पतसंस्था. या मंडळांच्या पदाधिकाऱ्यांनी येत्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा, अशी माझी त्यांना विनंती आहे.